सामना संपल्यानंतरचे समालोचक

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांत संपतो. केवळराम सेलोकर त्याच सामन्याचे समालोचन सव्वादोन तासांत संपवत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होत. पहिली संपली की पंच शिट्टी वाजवून घाम पुसत, खेळाडू हातपंपावर हातपाय धूत, आणि प्रेक्षक जागचे हलत नसत. कारण ध्वनिक्षेपकावर अजून चौथी चढाई चालू असे.

भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा केबल वाहिनीत आम्ही अकरा वर्षे बरोबर काम केले. मी बातम्या लिहीत असे, ते वाचत असत. रविवारी ते खेळांच्या मैदानावर जात आणि मी कधी कधी त्यांच्याबरोबर. उंच, किडकिडीत माणूस. बारा महिने अर्ध्या बाहीचा सफारी. चष्म्याला दोरी. आवाज मात्र त्या अंगातून यावा असा नव्हता. भरलेला, सावकाश, प्रत्येक शब्दाला पाट मांडून बसवणारा. मैदानावरचे लोक त्यांना केवळभाऊ म्हणत.

त्यांचे समालोचन मागे का पडे, हे एका उदाहरणाने कळेल. मी ते ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.

"चढाईला निघाले आहेत सुनील नथ्थूजी बोंदरे. तळ्याच्या पाळीवरून उतरलं की डाव्या हाताचं तिसरं घर. नथ्थूजींचे हे दोन नंबरचे चिरंजीव. थोरले सुरतेला असतात. आई सुगंधाबाई, माहेर याच गावचं, म्हणजे समोरच्या संघातले सातपैकी चार खेळाडू सुनीलचे मामा लागतात. आता मामा भाच्याला पकडतात की भाचा मामाला बाद करतो, हे पाहण्यासारखं आहे."

हे पाहण्यासारखे राहिलेले नव्हते. एवढे बोलून होईपर्यंत सुनील पकडला गेला होता, बाहेर बसला होता, परत आत आला होता आणि पुढच्या दोन चढाया करून पाणी पीत होता. तो स्वतःही हातात पेला घेऊन, आपले काय होते ते ऐकत उभा होता.

याला नियम होते. साधा गुण मिळवला तर वडिलांचे नाव. पकड केली तर वडील आणि मामा. बोनस घेतला तर आजीचे माहेर. समोरचा अख्खा संघ बाद होऊन लोण चढला, तर कुळदैवत. केवळभाऊ यातून कोणाला सूट देत नसत आणि कोणाला जास्तीचे देत नसत. त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल जिल्ह्यात कोणाचीही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती आमच्या मालकांची. मालक वासुदेव लांजेवार. केबलचे ग्राहक कमी होत गेले तेव्हा त्यांनी वाहिनी मोबाईलवर आणली. त्या वर्षी जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना अड्याळला व्हायचा होता आणि तो थेट दाखवण्याचे काम आमच्याकडे आले. केवळभाऊंनी गावोगावचे शेकडो सामने केले होते. जिल्ह्याचा अंतिम सामना त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यासाठी दर वर्षी बाहेरून कोणीतरी येई. केवळभाऊ दर वर्षी अर्ज करत आणि दर वर्षी प्रेक्षकांत बसून तो सामना पाहत.

लांजेवारांनी त्यांना खोलीत बोलावले. मी तिथेच होतो.

"केवळभाऊ, फायनल तुमची," लांजेवार म्हणाले. "पन एक अट हाय. खेळ अन् तुमचं बोलनं एकाच टायमाले संपलं पाहिजे. लोक मोबाईलवर स्कोर पाहून राहिले अन् तुमी पोट्ट्याच्या आजीचं माहेर सांगून राहिले, असं नाही चालत."

"आजीचं माहेर मी फक्त बोनस घेतला तरच सांगतो जी."

"बोनसलेबी नाही सांगाचं."

केवळभाऊंनी चष्मा काढून हातात घेतला.

"नाही जमलं तं नागपूरचा मानूस येईल," लांजेवार म्हणाले. "अन् मंग बातम्याबी तोच वाचीन. दोन मानसं मले परवडत नाहीत."

"किती दिवस हायेत?"

"पंधरा."

"पाहतो," केवळभाऊ म्हणाले. त्यांनी त्या दिवशीचे बातमीपत्र वाचले तेव्हा पहिल्या बातमीतल्या माणसाचे नाव सांगून ते थांबले. प्रेक्षकांना वाटले, चित्र अडकले आहे.

पूर्ण नावांची ही सवय जन्मजात नव्हती. तिचे कारण मला माहीत आहे, कारण त्यात मी आहे.

आमच्या कामाच्या पहिल्या वर्षी मी एक बातमी लिहिली होती. मोहाडी तालुक्यातल्या एका गावातील रमेश भुरे यांचे निधन, अंत्यसंस्कार उद्या सकाळी. दोन ओळी. केवळभाऊंनी त्या तशाच वाचल्या. त्या गावात रमेश भुरे नावाचे पाच जण होते. आम्हाला ते माहीत नव्हते. गावाला माहीत होते. पण पाचांपैकी कोण, हे दूरच्या नातलगांना कळायला मार्ग नव्हता. एक रमेश भुरे जेवताना आमचे बातमीपत्र पाहत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि बायकोला विचारले, "मीच काय व?" दुसऱ्यांच्या घरी तुमसरहून मेहुणे आले, दारात रडायला बसले, आणि आतून खुद्द रमेश भुरे पाण्याचा तांब्या घेऊन आले. तो मेहुण्याच्या हातून पडला. तिसऱ्यांच्या सासऱ्यांनी एवढा प्रवास करून आल्यावर जावई जिवंत आहे याबद्दल नाराजी दाखवली, असे लोक सांगतात. ते मी तपासलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळभाऊ त्या गावी गेले. परत आल्यावर ते माझ्या टेबलासमोर बसले.

"साहेब, जो खरा गेला, त्याच्याकडे सगळ्यात कमी मानसं होती," ते म्हणाले. "बाकीच्या चार घरी आधी गेले ना लोक. मंग थकून वापस गेले."

मी म्हणालो, चूक माझी आहे.

"चूक कोनाचीच नाही. नाव अर्धं होतं."

त्या संध्याकाळपासून केवळभाऊंनी अर्धे नाव उच्चारले नाही. अपघात, निवड, सत्कार, निलंबन, काहीही असो. माणूस आला की त्याचे वडील, घराची खूण आणि सोयरीक आली. पंधरा मिनिटांच्या बातमीपत्रात चार बातम्या होऊ लागल्या. उरलेल्या दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या दिवशी. शिल्लक वाढत गेली. एकदा आम्ही दिवाळीनंतर, चांगली थंडी पडलेली असताना, खरिपाच्या पेरणीला वेग आल्याची बातमी दिली. कोणी हरकत घेतली नाही. एका प्रेक्षकाने पत्र पाठवले, की त्या बातमीत पेरणी करणारे म्हणून ज्यांचे नाव आले त्यांच्या मावशी लाखनीच्या नसून साकोलीच्या. केवळभाऊंनी ती दुरुस्ती वाचली. त्यात दीड मिनिट गेले.

इतक्या माणसांची माहिती ते मिळवत कशी, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. त्यांच्याकडे जाड वह्या होत्या, तालुक्यावार. पण वह्यांत भर कुठून पडते, ते एकदा त्यांच्याबरोबर पवनीकडे जाताना कळले. रस्त्याकडेला एका घरापुढे मांडव दिसला. त्यांनी चालकाला थांबायला सांगितले.

"कोणाकडे?" मी विचारले.

"मालूम नाही. तेरवी हाय."

ते उतरले, आत गेले, गेलेल्या माणसाच्या फोटोला हात जोडले आणि पंगतीत बसले. जेवणे झाल्यावर वही काढली. एका तासात तीन पिढ्या उतरल्या. लग्नात ही माहिती मिळत नाही, असे त्यांचे मत होते. लग्नात लोक घाईत असतात आणि थोडे वाढवून सांगतात.

"तेरवीत सारे नातलग एका जागी भेटतात, अन् खोटं कोनी बोलत नाही," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "एकाचं चुकलं तं चार जनं लगेच दुरुस्त करतात. तुमच्या बातमीत अशी सोय हाय काय?"

नव्हती.

त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई याबद्दल कोरडेपणाने बोलत. मोहाडीला त्यांच्या घरी गेलो की त्या चहा ठेवता ठेवता मला सांगत, "घरीबी तसंच हाय भाऊजी. दूध कुठचं हाय म्हनलं तं म्हशीपासून सुरू करते. तवरी दूध उतू जाते."

"म्हैस कोनाची हाय ते नको सांगू काय?" आतून आवाज येई.

"नको सांगू. मीच आनली ते."

मागे पडण्याचा प्रश्न एकदाच खऱ्या अर्थाने अंगाशी आला. मंडईचे दिवस होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकाने, पाळणे, रात्री नाटक आणि दुपारी कबड्डी. अशाच एका गावी अंतिम सामना झाला. यजमान गावाचा संघ सात गुणांनी हरला. पंचांनी कागदावर सह्या केल्या. चषक टेबलावर होता. केवळभाऊ मध्यंतराच्या जरा पुढे पोहोचले होते, आणि त्यांच्या हिशेबाने त्या वेळी यजमान संघ पाच गुणांनी पुढे होता. तेवढ्यात वीज गेली. ध्वनिक्षेपक बंद पडला.

यजमान संघाचा कर्णधार उभा राहिला आणि म्हणाला, आम्ही जिंकलो.

"कागद पाह्य ना गा," पंच म्हणाले. "सात गुनानं हरले तुमी."

"कागद कोनं ऐकला?" कर्णधार म्हणाला. "साऱ्या गावानं ऐकलं ते काय? पाच गुनानं पुढं. मंग लाइन गेली. पुढचं कोनाले मालूम नाही."

"तू सोता खेळला ना बाप्पा!"

"खेळतानी कोन ध्यान देते?"

हा मुद्दा पंचांनी उडवून लावला असता. पण पाहुण्या संघातल्याच दोघांना तो पटला. त्यातला एक म्हणाला, की त्यालाही आपण जिंकलो असे नक्की वाटत नाही; अजून ऐकले नाही. प्रेक्षकांत दोन तट पडले. जे बसून होते त्यांच्या मते सामना चालू होता. माजी सरपंचांनी तोड काढली. चषक त्यांच्या घरी, कपाटात राहील. केवळभाऊ उरलेले समालोचन पूर्ण करतील तेव्हा तो ज्याचा त्याला मिळेल.

पण केवळभाऊंचा घसा बसला. आठ दिवस चषक कपाटात राहिला. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, 'निकाल बाकी'. नवव्या दिवशी त्या गावचा बाजार होता. केवळभाऊ एसटीने आले, एका वांगीवाल्याचा भोंगा मागून घेतला आणि बाजारात उभे राहून उत्तरार्ध पूर्ण केला. मी वेळ लावली होती. एक तास पाच मिनिटे. शेवटच्या चढाईत यजमान संघ हरला तेव्हा त्यांच्या कर्णधाराने डोक्यावरची टोपी काढून खाली आपटली आणि मोठ्याने म्हणाला, "हातात आलेला सामना गेला ना रे!" त्याचे दुःख खरे होते. पाहुण्या संघाने तेव्हा गुलाल उधळला. वांगीवाल्याने सांगितले, की त्या दिवशी त्याची वांगी फारशी कोणी घेतली नाहीत आणि घेतली ती सगळी गुलाबी होती.

पावसाळ्यात खेळ बंद असत. पहिल्या पावसाळ्यात केवळभाऊ अस्वस्थ झाले आणि त्यांनी रोवण्याचे समालोचन करायचे ठरवले. रोवणा म्हणजे धानाची लावणी. पाण्याने भरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया ओळीने उभ्या राहतात आणि वाकून, मागे मागे सरकत रोपे लावतात. केवळभाऊंच्या मते यात खेळाचे सगळे गुण होते. ओळ होती, वेग होता, चढाओढ होती, आणि बाद कोणी होत नसे. एका ओळखीच्या शेतकऱ्याने, धोंडबाजी साठवणे त्यांचे नाव, परवानगी दिली. कॅमेरेवाला आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री धरून होतो.

अकरा बाया होत्या. सामान्यतः त्यांची ओळख नवऱ्याच्या नावाने होते. अमक्याची बायको, तमक्याची सून. केवळभाऊंनी तसे केले नाही. कबड्डीत जे वडिलांपासून सुरू होत असे, ते इथे त्यांनी आईपासून सुरू केले. मी त्यांना कारण विचारले नाही.

"सर्वांत पुढे आहेत लीलाबाई. आई कौसल्याबाई, राहणार खमारी. कौसल्याबाईंचा रोवणा असा असे, की मागून दोरी लावून पाहावं. लीलाबाईंच्या हाताला तेच वळण आहे."

लीलाबाई उभ्या राहिल्या. हातात पऱ्ह्याच्या रोपांची जुडी, पदर खोचलेला. "माह्या मायले तुमी कुठं पाहिलं जी?"

"तुमच्या काकाच्या तेरवीत."

मग दुसरी उभी राहिली. आपल्या आईपर्यंत ते कधी पोहोचतात, हे ऐकायला. मग तिसरी. थोड्या वेळाने अकराही जणी गुडघाभर चिखलात, हातात रोपे घेऊन, सरळ उभ्या होत्या आणि ऐकत होत्या. एकीची आई ती लहान असताना गेली होती. केवळभाऊंनी त्या आईचे नाव घेतले, तेव्हा तिने ते शेजारणीकडून पुन्हा म्हणवून घेतले.

धोंडबाजी धुऱ्यावरून धावत आले. "केवळभाऊ, बंद करा बाप्पा! बाया उभ्या होऊन राहिल्या!"

"मध्यंतर आहे," केवळभाऊ माईकवर म्हणाले.

एका दिवसाची बांधी अडीच दिवसांत झाली. धोंडबाजींनी पुढे आमच्या वाहिनीची जोडणी काढून टाकली. बायांनी मात्र तिसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की पुढच्या शेतावर कॉमेंट्रीवाले येणार असतील तरच रोवण्याला येऊ.

असा हा माणूस. त्याच्याकडे पंधरा दिवस होते.

त्यांनी सराव केला, हे मी स्वतः पाहिले. मोहाडीच्या घरापुढे रस्ता आहे. केवळभाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि जाणाऱ्या वाहनांचे समालोचन करत. अट अशी, की वाहन नजरेआड होण्याच्या आत वाक्य संपले पाहिजे.

"दुचाकी," ते म्हणत. "दुचाकी. ट्रक. सायकल."

"ते सायकल तं श्यामरावची होती," शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या.

"मालूम हाय. बोलू नको."

"त्याच्या मायचं ऑपरेशन झालं."

"बोलू नको म्हनलं ना!"

श्यामराव गेले. केवळभाऊ बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. त्यात एक ट्रॅक्टर आणि दोन दुचाक्या निसटल्या. पाचव्या दिवशी त्यांना ताप आला. डॉक्टरांना ताप कशाचा ते सापडले नाही. दहाव्या दिवशी मात्र ते एका दमात चौदा वाहने सांगू शकले आणि त्यातल्या एकाचाही मालक त्यांनी सांगितला नाही. त्यांनी मला फोन करून हे कळवले. आवाजात अभिमान नव्हता, पण आकडा त्यांनी दोनदा सांगितला.

अड्याळचे मैदान त्या रविवारी दुपारी तीनलाच भरले होते. सामना करडी आणि बपेरा यांच्यात. करडी मोहाडी तालुक्यातले; बपेरा तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ. तिथून लोक टेम्पो करून आले होते. लांजेवारांनी मोबाईल तिवईवर बसवला. केवळभाऊ वह्या न घेता आले होते. त्यांनी नवा सफारी घातला होता.

चारला सामना सुरू झाला.

"बपेरा, चार नंबर. चढाई," केवळभाऊ म्हणाले. "एक गुण. परत. करडी, सात नंबर. चढाई. रिकामी. परत."

ते सामन्याबरोबर होते. कधी कधी सामन्याच्या किंचित पुढेही. लांजेवारांनी अंगठा वर केला. मोबाईलवर पाहणाऱ्यांची संख्या वाढत होती.

मैदानावर मात्र लोक एकमेकांकडे पाहू लागले. "कॉमेंट्रीवाले, तब्येत बरी नाही काय जी?" मागून कोणीतरी ओरडले. दुसरा म्हणाला, "माईक बिघडला वाटते. अर्धंच ऐकू येऊन राहिलं." ध्वनिक्षेपक अड्याळच्याच एका माणसाचा होता. त्याने दोनदा तार बदलली, भोंग्यात फुंकर मारली आणि हात वर केले.

मध्यंतराला करडी सतरा, बपेरा पंधरा. एक बाई गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. पन्नाशीची, पायांवर टेम्पोतली धूळ.

"चार नंबर माहा पोट्टा हाय जी," ती म्हणाली.

"मालूम हाय, इंदिराबाई," केवळभाऊ म्हणाले.

"मंग बोलत काहून नाही?"

"मनाई हाय."

"कोनाची?"

केवळभाऊंनी लांजेवारांकडे पाहिले. इंदिराबाईंनीही पाहिले.

"शंकरपटात बैल धावते, तं त्याच्या मालकाचं नाव घेते, गावाचं घेते," त्या म्हणाल्या. "माहा पोट्टा बैलाहून गेला काय?"

"बाई, टाइम नसते," लांजेवार म्हणाले. "मोबाईलवर लोक पाहून राहिले."

"मंग मी एवढ्या दुरून आली कायले? घरीच पाहिलं असतं."

"तेच तं म्हणून राहिलो! घरीच पाहत जा!"

 इंदिराबाई केवळभाऊंकडे वळल्या. "औंदा त्याचा बाप गेला. घरी कोनी नाव काढत नाही, मी रडतो म्हनून. इथं तुमी मोठ्यानं घेता, असं ऐकलं. म्हनून आली."

 पंचांनी उत्तरार्धासाठी शिट्टी वाजवली. करडीचा खेळाडू चढाईला निघाला. लांजेवार म्हणाले, "चला, सात नंबर, बोला!"

केवळभाऊ खुर्चीवरून उठले.

"मंडळी," ते माईकवर म्हणाले, "पहिल्या चढाईपासून घेतो."

मैदानावर एक मोठा आवाज झाला. उभे असलेले हजारेक लोक एकदम खाली बसले, त्याचा.

"केवळभाऊ, ते झालं ना! सतरा-पंधरा हाय!" लांजेवार ओरडले.

"ते तुमच्यावालं," केवळभाऊ हाताने माईक झाकून म्हणाले, आणि हात काढला. "पहिली चढाई. बपेऱ्याचे चार नंबर, प्रवीण रामाजी कटरे. आई इंदिराबाई, इथे हजर आहेत. वडील कैलासवासी रामाजी. बपेऱ्याच्या शाळेमागे जे मैदान आहे, तिथे पूर्वी खडक आणि बोरी होत्या. रामाजींनी दोन उन्हाळे स्वतःच्या बैलांनी पाटा फिरवून ते सपाट केलं. गावाने विचारलं, कशासाठी? रामाजी म्हणाले, पोट्ट्यांचे गुडघे फुटतात. प्रवीण त्याच मैदानावर खेळायला शिकले. आता ते करडीच्या अंगणात शिरत आहेत."

प्रवीण कटरे त्या क्षणी प्रत्यक्षात बचावाला उभा होता. तो जागीच थांबला. करडीच्या खेळाडूने त्याला हात लावून बाद केले. तो बाहेर जाऊन बसला आणि आपण करडीच्या अंगणात शिरतो आहोत हे ऐकत राहिला. इंदिराबाई टेबलाला टेकून खाली बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला नाही. त्या समोर बघत होत्या.

पाचला दहा कमी असताना सामना संपला. बपेरा चौतीस, करडी एकतीस. कोणी उडी मारली नाही. दोन्ही संघ रेषेवर एका रांगेत मांडी घालून बसले. प्रमुख पाहुणे चषक हातात घेऊन उभे होते. त्यांना कोणीतरी खुर्ची दिली. मोबाईलवर रिकामे मैदान दिसत होते. लांजेवारांनी तिवई मिटली, प्रक्षेपण बंद केले आणि ध्वनिक्षेपकवाल्याला म्हणाले, "बंद कर ते."

"थांबा ना बाप्पा," तो म्हणाला. "करडीचा सात नंबर माह्या सासऱ्याचा पुतण्या हाय. त्याचं यायचं हाय अजून."

आम्ही गाडीत बसलो. लांजेवारांनी नागपूरला फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारले, कधीपासून. "उद्यापासून," लांजेवार म्हणाले. मी निकालाची बातमी टाइप केली: अड्याळ येथील अंतिम सामन्यात बपेरा विजयी. एक ओळ. नावे टाकायला जागा नव्हती.

गाडीला मैदानाच्या कडेने, बसलेल्या लोकांमधून जायचे होते. कोणी बाजूला होत नव्हते. चालक इंच इंच पुढे काढत होता, हॉर्न वाजवला की लोक त्यालाच गप्प करत होते. काच खाली होती. केवळभाऊ खुर्चीवर चढून उभे होते, मागच्यांना दिसावे म्हणून. नव्या सफारीला पाठीवर घाम आला होता. करडीच्या सात नंबरने बोनस रेषा ओलांडली होती आणि ते त्याच्या आजीच्या माहेरी पोहोचत होते. लांजेवारांनी काच वर करायला सांगितली. मी ती सावकाश वर केली.

आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा करडी अकरा-नऊने पुढे होती.